बीटलची बाहा बग होताना

मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, पॅसिफिक महासागर आणि कॅलिफोर्नियाचं आखात यांच्यामधून, बाराशे किलोमीटरहून लांब अशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे उतरत जाते. तिचं नाव बाहा कॅलिफोर्निया. १९६७ साली या द्वीपकल्पाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डांबरी रस्ता नव्हता. तो पुरा झाला १९७३ मध्ये. तोवर होत्या त्या नुसत्या चाकोऱ्या: कुठे भुसभुशीत वाळू, कुठे नदीचं कोरडं पात्र, कुठे नुसते धोंडे आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रूस मेयर्स आणि टेड मँगल्स एका उघड्या लाल गाडीतून ला पाझहून निघाले आणि ३४ तास ४५ मिनिटांनी उत्तरेला तिहुआनात पोचले. १९६२ साली हेच अंतर मोटारसायकलवर जवळजवळ ४० तासांत कापलं गेलं होतं आणि तोच विक्रम होता. चारचाकीने तो पाच तासांनी मोडला. मेयर्स नावा बांधणारे कारागीर होते. फायबरग्लासचं काम त्यांच्या हातात बसलेलं होतं, म्हणून गाडीचं अंग त्यांनी फायबरग्लासचं घडवलं. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र फोक्सवॅगनचे होते. ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी तिहुआना ते ला पाझ अशी पहिली रीतसर शर्यत झाली. ती मेयर्स यांच्याच घडणीच्या गाडीने, म्हणजे मेयर्स मँक्सने, २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. गाडीत व्हिक विल्सन आणि तेच टेड मँगल्स होते. पुढे 'बाहा १०००' या नावाने जगभर गाजलेल्या शर्यतीची ही सुरुवात.

मँक्स बनवायची तर बीटलचं वरचं अंग काढून टाकावं लागे, खालची फर्शी मधोमध कापून सुमारे ३७ सेंटिमीटरने आखूड करावी लागे आणि मग वर नवं अंग बसवावं लागे. सगळ्यांना ते जमणारं नव्हतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांकडे जुन्या बीटल होत्या, पैसे बेताचे होते आणि वाळवंट दारात होतं. त्यांनी फर्शीला हात न लावता पुढचा आणि मागचा पत्रा छाटला, गाडी उचलून घेतली, मोठी चाकं लावली आणि इंजिन उघडं ठेवून गाडी वाळूत घातली. तिलाच लोक 'बाहा बग' म्हणू लागले. पहिली बाहा बग बनवण्याचं श्रेय साधारणपणे गॅरी एमरी यांना दिलं जातं. हा काळ १९६८ च्या आसपासचा. वर्षभरातच छाटलेल्या जागी बसवायचे फायबरग्लासचे तयार संच बाजारात आले आणि घरोघरच्या गॅरेजांत हे काम सुरू झालं.

अशी जुनी बीटल आधी मूळपदावर आणायची आणि मग खडकाळ, वाळूच्या वाटेसाठी बदलायची, हे काम नेमकं कसं होतं, ते या प्रकरणात पाहू. या कामात एक प्रश्न पदोपदी विचारावा लागतो: हा भाग मुळात इथे का होता? ज्याने हा प्रश्न विचारून गाडी छाटली, त्याची गाडी ला पाझला पोचली. ज्याने विचारला नाही, त्याची वाटेतल्या वाळूत उभी राहिली.

हीच गाडी का?

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात ही गाडी आखली ती जर्मनीतल्या नाझी राजवटीसाठी, 'लोकांची गाडी' म्हणून. सामान्य लोकांच्या हाती ती खऱ्या अर्थाने पडली महायुद्धानंतर, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली वोल्फ्सबुर्गचा कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर. मधल्या काळात तिचीच एक लष्करी आवृत्ती, क्युबेलवागन, उत्तर आफ्रिकेच्या वाळूत आणि रशियाच्या चिखलात धावून आली होती. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना, तरी ती अडत नसे. त्यामुळे बीटल वाळवंटात चालली यात नवल नाही. तो गुण तिच्या आखणीतच होता.

पहिलं कारण वजनाचं. बीटलचं इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे आणि ताकदही मागच्याच चाकांना. साधारण आठशे किलोच्या गाडीचा निम्म्याहून बराच जास्त भार चालत्या चाकांवर पडतो. वाळूत चाक फिरतं पण पकड मिळत नाही, ही अडचण त्यामुळे बरीच कमी होते. पुढची चाकं हलकी असल्याने ती वाळू नांगरत जात नाहीत, वरून तरंगत जातात.

दुसरं कारण खालच्या अंगाचं. बीटलला नेहमीच्या गाडीसारखी शिडीवजा चासी नाही. मधोमध एक पोकळ कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची सपाट फर्शी. कण्यातूनच गिअरचा दांडा, केबली आणि पेट्रोलची नळी जाते. खालून पाहिलं तर दगडाला अडकेल असं फारसं काही लोंबत नाही. वरचं अंग फर्शीला नटबोल्टांनी आवळलेलं असतं. ते सुटं करून चारसहा माणसांनी उचललं की अख्खी गाडी दोन भागांत वेगळी होते.

तिसरं कारण सर्वांत मोठं: इंजिन हवेने थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचे पाइप नाहीत. दगड लागून रेडिएटर फुटण्याची भीती नाही आणि जिथे माणसालाच प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथे गाडीला ते मागावं लागत नाही.

हवेने थंड होणारं इंजिन मराठी घरांना अनोळखी नाही. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती, त्यांनी ते रोज किक मारून सुरू केलेलं आहे. मोटारसायकलचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. चेतकचं इंजिन मात्र बाजूच्या पत्र्याआड झाकलेलं. तिथे वारा पोचणार कसा? म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात आणि सिलिंडरभोवती एक टोपण असतं. पंखा हवा ओढतो आणि टोपण ती हवा इकडेतिकडे न जाऊ देता सिलिंडरच्या पात्यांमधूनच नेतं. बीटलमध्ये हीच युक्ती आहे, फक्त दोनऐवजी चार स्ट्रोक आणि एकाऐवजी चार सिलिंडर. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले, आणि वर एक मोठा पंखा. चेतकचं टोपण काढून ठेवलं तर इंजिन तापून बसतं, हे जुने स्कूटर मिस्त्री चांगलं जाणतात. पुढचं निम्मं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी डागडुजी, मग हौस

जुनी बीटल अंगणात आली की पहिला मोह होतो तो ग्राइंडर हातात घेण्याचा. अनुभवी माणूस आधी हातोडीचा दांडा घेतो आणि फर्शी ठोकत फिरतो. निरोगी पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो.

बीटल कुठे गंजते हे ठरलेलं आहे. बॅटरी मागच्या सीटखाली, फर्शीवर ठेवलेली असते. तिचं आम्ल वर्षानुवर्षं सांडून तिथला पत्रा खाऊन टाकतं. दुसरी जागा दरवाजांच्या खालची लांब पोकळ तुळई. इंजिनाची गरम हवा याच तुळयांमधून पुढे येऊन आतल्या माणसांना ऊब देते. बर्फाच्या मुलखात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि ओल यांनी त्या आतून सडतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि पेचकस टोचला की आरपार जातो. तिसरी जागा कण्याचं पुढचं टोक. तिथे पुढच्या चाकांची सगळी जोडणी बोल्टांनी लटकलेली असते.

या तीन जागांना डांबरी रस्त्यावर चालढकल खपून जाते, खडकात खपत नाही. उंचावरून गाडी आदळते तेव्हा पुढच्या चाकांचा सगळा तडाखा कण्याच्या टोकावर येतो. वळणात एक चाक हवेत आणि तिरकं दुसरं चाक दगडावर असतं, तेव्हा अख्खी गाडी पिळली जाते आणि तो पीळ दरवाजाखालच्या तुळया सोसतात. म्हणून सडलेल्या तुळईवर फायबरचे सुबक मडगार्ड बसवणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग काढणं. नवी फर्शी आणि नव्या तुळया तयार मिळतात. त्या बसवताना एक पथ्य आहे. जुनी तुळई कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी गज तात्पुरते जोडून घ्यावे लागतात. नाहीतर आधार गेल्याबरोबर वरचं अंग बसतं आणि नंतर दरवाजा कधीच नीट लागत नाही.

इंजिनाची परीक्षाही वाटते त्यापेक्षा सोपी आहे. ते गिअरबॉक्सला फक्त चार ठिकाणी आवळलेलं असतं. खाली जॅक लावून दोघा जाणकारांना ते अर्ध्यापाऊण तासात खाली उतरवता येतं. पण उतरवण्याआधीच एक गोष्ट पाहायची. मागे दिसणारी क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढायची. क्रँक लांबीच्या दिशेने किती हलतो? ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर इतकी हालचाल नव्या इंजिनातही असते आणि ती मापकानेच कळते. ०.१५ ही सहनशीलतेची सीमा. हाताला 'टक्‌टक्‌' असं स्पष्ट जाणवलं तर मुख्य बेअरिंगची बैठक सैल झाली असं समजावं. या इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, वजनाला हलकं पण लोखंडाच्या मानाने मऊ. बेअरिंग वर्षानुवर्षं ठोके देत राहिलं की कवचातली त्याची जागाच मोठी होते. मग नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, कवच नव्याने बोअर करून वाढीव मापाचं बेअरिंग घालावं लागतं.

बीटलच्या इंजिनाची ताकद वर्षांनुसार बदलत गेली. ११९२ सीसीचं इंजिन सुमारे ३४ अश्वशक्तीचं, शेवटचं १५८४ सीसीचं ५० अश्वशक्तीचं. आजच्या मानाने हे आकडे लहान वाटतात. पण वाळवंटात धावायला ताकदीपेक्षा टिकाऊपणा जास्त लागतो आणि तो ठरतो उष्णतेवर.

बिनकामाचा वाटणारा पत्रा

बीटलचं इंजिन उघडून पाहिलं की चहूकडे काळे रंगवलेले पत्रे दिसतात. वर पंख्याचं अर्धगोल घर, सिलिंडरांवर झाकणं, खाली सिलिंडरांच्या मधे आणखी पत्रे आणि इंजिनाभोवती सपाट पत्र्याची एक कड. त्या कडेला, गाडीच्या पत्र्याशी जिथे ती भेटते तिथे, बोटाएवढ्या जाडीची रबराची पट्टी. बाहा बग बनवताना मागचं झाकण आणि मागचा पत्रा निघतो, इंजिन उघड्यावर येतं आणि नवख्याला वाटतं, आता या काळ्या पत्र्यांचं काय काम? वारा तर थेट लागतोय! तो पत्रे काढतो, इंजिन चकचकीत दिसतं आणि पहिल्या लांब चढावर ते तापून मरतं.

या पत्र्यांचं काम नीट पाहू. पंखा वरून गार हवा घेतो आणि सिलिंडरांकडे ढकलतो. सिलिंडरच्या पात्यांमधून जाताना हवा तापते आणि खाली बाहेर पडते. म्हणजे इंजिनाच्या वर गार हवेचा प्रदेश आहे आणि खाली तापलेल्या हवेचा. दोघांच्या मधली सीमा म्हणजे तो सपाट पत्रा आणि ती रबराची पट्टी. पट्टी फाटली, पत्रा निघाला किंवा एखाद्या नळीचं भोक उघडं राहिलं की खालची तापलेली हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. इंजिन आपल्याच उच्छ्वासावर जगू लागतं. उघड्या इंजिनाला समोरचा वारा लागतो हा भ्रम आहे. इंजिन गाडीच्या पाठीमागे, गाडीच्याच सावलीत असतं आणि वाळूत गाडीचा वेग सायकलएवढा झालेला असतो. तेव्हा हवा फिरवतो तो फक्त पंखा आणि तिला वाट दाखवतात फक्त पत्रे.

तापण्याची गोष्ट सगळ्या सिलिंडरांना सारखी लागू नाही. मूळ रचनेत इंजिन ऑइल थंड करणारा कूलर पंख्याच्या घरातच उभा होता, नेमका तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरच्या वाटेत. त्यामुळे त्या सिलिंडरला कमी आणि आधीच कोमट झालेली हवा मिळे. तो जास्त तापे आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळे. कंपनीने १९७१ च्या गाड्यांपासून कूलर थोडा बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र कोनाडा दिला. जुनं इंजिन वाळवंटासाठी तयार करणारे मिस्त्री हा कोनाडा असलेलं पंख्याचं घर शोधून बसवतात. अडचण कूलरच्या असण्याची नव्हती, त्याच्या जागेची होती. उपायही म्हणून काढून टाकण्याचा नव्हे, जागा बदलण्याचा.

पंखा फिरतो डायनॅमोच्या दांड्यावर आणि डायनॅमो फिरतो एकाच पट्ट्यावर. त्यामुळे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा इतर गाड्यांत 'बॅटरी पाहा' असं सांगतो, तर बीटलमध्ये 'आत्ताच्या आत्ता थांब' असं सांगतो. पट्टा तुटला की दिवा लागतो आणि पंखाही थांबलेला असतो. सुटा पट्टा आणि तो घालण्यापुरते पाने ही वाळवंटात पाण्याच्या बाटलीइतकीच गरजेची वस्तू आहे.

उरली ऑइलची गोष्ट. पाणी नसलेल्या इंजिनात उष्णता वाहून नेण्याचं बरंच काम ऑइल करतं आणि बीटलमध्ये ते जेमतेम अडीच लिटर असतं. मूळ इंजिनाला बदलता येईल असा ऑइल फिल्टरही नाही, फक्त तळाशी तारेची जाळी. मूळ हिशेब असा होता की ऑइल वारंवार बदला आणि जाळी धुवा. धुळीच्या मुलखात हा हिशेब अपुरा पडतो. म्हणून बाहा बगमध्ये वेगळा फिल्टर आणि तळाशी जादा ऑइल मावेल अशी टाकी जोडतात. टाकी मात्र बेताचीच हवी, कारण गाडी वर उचलून मिळवलेलं अंतर तीच खाली लोंबून खाते. तिच्याखाली जाड पत्र्याची ढाल लागतेच.

हवेच्या फिल्टरची जागाही इथे ठरवावी लागते. मागची चाकं उडवतात ती सगळी धूळ इंजिनावर येते. कार्बोरेटरवर थेट बसवलेला उघडा फिल्टर दिसायला रुबाबदार, पण तो धुळीच्या लोटातच श्वास घेतो. जाणकार जाड नळी काढून फिल्टर उंच, छपराच्या मागच्या कडेला किंवा गाडीच्या आत नेतात. सिलिंडरमध्ये गेलेली बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते आणि नवीकोरी पिस्टन रिंग बघता बघता झिजवते.

चाळीस आणि चव्वेचाळीस

आता गाडी उचलायची. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग किंवा पाटे असतात, ते बदलले की काम झालं. बीटलमध्ये मागे स्प्रिंग दिसतच नाही. फर्शीच्या मागच्या कडेला एक आडवी जाड नळी आहे. तिच्या आत दोन्ही बाजूंना एकेक भरीव पोलादी दांडा आहे आणि तोच स्प्रिंग. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो, चाक खाली आलं की पीळ सुटतो. दांड्याचं आतलं टोक नळीच्या मध्याशी घट्ट बसवलेलं असतं. बाहेरच्या टोकावर एक पोलादी पट्टी असते आणि ती मागे जाऊन चाकाला मिळते.

या दांड्याच्या दोन्ही टोकांवर खाचा आहेत, पण सारख्या नाहीत. आतल्या टोकाला ४० खाचा, बाहेरच्या टोकाला ४४. का बरं? गंमत हिशेबात आहे. आतलं टोक एक खाच पुढे फिरवलं तर दांडा ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंशांनी फिरतो. बाहेरची पट्टी एक खाच मागे फिरवली तर ती ३६० भागिले ४४, म्हणजे ८ अंश आणि सुमारे १० मिनिटांनी फिरते. दोन्ही केलं तर उरतो फरक: सुमारे ५० मिनिटं, एका अंशाहूनही कमी. चाकाशी मोजलं तर सहासात मिलिमीटर. दोन्ही टोकांना चाळीसच खाचा असत्या, तर एका खाचेत चाक सहासात सेंटिमीटर वर-खाली झालं असतं, मधलं काही जमलंच नसतं. दोन आकड्यांतल्या चारच्या फरकाने आखणाऱ्याने कोणत्याही जादा भागाविना सहासात मिलिमीटरची सुधारणा शक्य करून ठेवली. पट्टीमापक वापरणाऱ्या माणसाला व्हर्नियरची आठवण येईल. तत्त्व तेच.

काम करताना मात्र सावध राहावं लागतं. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबलेलं, तरीही दांड्यात पीळ शिल्लक असतो. पट्टी खालच्या लोखंडी आधारावर दाबून बसलेली असते. तिला आधारावरून नुसती पहारीने सोडवली तर ती फटकन खाली झेप घेते आणि त्या वाटेत पाय असेल तर हाड मोडतं. म्हणून पट्टीला साखळी बांधून आणि खाली जॅक लावून तो पीळ सावकाश सोडतात.

आणि सोडण्याआधी मिस्त्री एक गोष्ट करतो. टोकदार सुईने दांड्याच्या तोंडावरून पट्टीपर्यंत एक रेघ ओढतो आणि पट्टीचा कोन मोजून भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवतो. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा. मग नवा कोन त्या जुन्या कोनापासून मोजायचा. ही रेघ न ओढता सुरुवात केली की दोन्ही बाजू सारख्या करताना दिवस जातो.

उचलायचं किती, यालाही हद्द आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६८ पर्यंतच्या बहुतेक बीटलमध्ये मागचा अ‍ॅक्सल फक्त गिअरबॉक्सशी वाकतो, चाकाशी वाकत नाही. गाडी जितकी उंच, तितकी चाकं पायाच्या बोटांवर उभी राहिल्यासारखी आत दुमडतात. जोराच्या वळणात हे चाक अंगाखाली वळतं आणि गाडी उलटू शकते. १९६९ पासूनच्या गाड्यांत अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना सांधे आले आणि चाक सरळ राहू लागलं, पण फार उंचीवर या सांध्यांचा कोन तीव्र होऊन ते तापतात आणि फुटतात. दोन्ही रचनांत चाक खाली किती लोंबू द्यायचं, हे मजबूत पट्टा बांधून ठरवतात. पाचसात सेंटिमीटर उचलून बाकीची उंची मोठ्या चाकांतून मिळवणं हा बहुतेक जाणकारांचा कौल आहे.

मोठ्या चाकांचाही हिशेब द्यावा लागतो. मूळ टायरचा व्यास सुमारे २६ इंच. त्या जागी ३० इंचांचा टायर आला की प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे १५ टक्के पुढे जाते. म्हणजे सगळे गिअर १५ टक्क्यांनी 'उंच' झाले. नेमकं जिथे हळू आणि जोर लावून चढायचं, तिथे इंजिन गुदमरतं, क्लच जळतो आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. म्हणून जुन्या बीटलचा ठेंगणा गिअरबॉक्स मुद्दाम शोधतात. मोठी चाकं थांबवायला ब्रेकही तितकेच ताजे लागतात.

मग छाटणी

एवढं झालं की ग्राइंडरची पाळी येते. पुढचं बॉनेट आखूड होतं, मडगार्ड लहान होतात, पुढचा आणि मागचा पत्रा निघतो. त्यामागचं कारण साधं आहे: चढ सुरू होतो तिथे चाक आधी टेकलं पाहिजे, पत्रा नव्हे. लांब नाक आणि लोंबती शेपूट गेली की गाडी तीव्र चढाला सरळ भिडते आणि खळग्यातून निघताना मागे घासत नाही. सायलेन्सरचा पाइप खालून काढून वर वळवतात, म्हणजे तो दगडाने चेपत नाही.

पण इथेही तोच प्रश्न उभा राहतो. बीटलची पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली, बसणाऱ्याच्या पायांच्या पुढ्यात असते. मूळ गाडीत तिच्यापुढे सुटं चाक, पत्रा आणि बंपर होते. धक्का लागला की ते चेपून टाकीला वाचवत. नाक छाटलं की ही ढाल जाते. म्हणून पुढे पोलादी नळ्यांची चौकट ही शोभेची वस्तू नव्हे, ती गेलेल्या ढालीची भरपाई आहे. मागच्या नळ्यांची चौकटही तशीच, कारण तिथे आता उघडं इंजिन आहे. गाडीच्या आत नळ्यांचा पिंजरा बसवतात तोही फर्शीला आणि तुळयांना बांधावा लागतो, नुसत्या पत्र्याला नाही.

या सगळ्या खटाटोपाला एक विलक्षण प्रतितोल बाहा १००० मध्येच आहे. तिथे 'क्लास ११' नावाचा एक गट आहे. त्यात जवळजवळ मूळ स्वरूपातल्याच बीटल धावतात, मडगार्ड शाबूत, बॉनेट शाबूत. शेकडो अश्वशक्तीचे ट्रक पुढे निघून जातात आणि या बीटल दिवस-रात्र डुलत डुलत मागून येत राहतात. अनेक गाड्या वाटेत राहतात, पण ज्या पोचतात त्या सांगून जातात की पहिल्या आखणीत किती दम होता.

किती उरल्या आहेत?

१९६८ साली एकट्या अमेरिकेत चार लाखांहून अधिक बीटल विकल्या गेल्या. तेव्हा एक कापली तर काही बिघडत नव्हतं. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा दीड कोटींचा विक्रम मागे टाकला. मेक्सिकोत ती 'व्होचो' या लाडक्या नावाने टॅक्सी होऊन पिढ्यान्‌पिढ्या धावली. ३० जुलै २००३ रोजी तिथल्याच प्वेब्ला कारखान्यातून शेवटची मूळ बीटल बाहेर पडली. एकूण आकडा झाला २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४. त्यानंतर एकही नवी होणार नाही. आता शाबूत पत्र्याची गाडी छाटणं म्हणजे परत न मिळणारी वस्तू खर्च करणं.

म्हणून आज विचार करणारे कारागीर गाडी निवडताना उलटा नियम लावतात. जिचे मडगार्ड, नाक आणि शेपूट आधीच गंजून किंवा ठोकून गेलेत, पण कणा निरोगी आहे, तीच बाहा बगसाठी घ्यायची. शाबूत गाडी मिळाली तर तिला बोल्टांनी बसतील आणि बोल्टांनीच निघतील असेच बदल करायचे आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवायचा. आपल्याकडे असं काही करू पाहणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करून गाडी रस्त्यावर आणायला ते आडवं येतं.

ब्रूस मेयर्स २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी गेले. त्यांची ती लाल गाडी 'ओल्ड रेड' २०१४ पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. एकेकाळी कुणाच्या तरी लेखी ती जुन्या भागांची मोडतोड होती. आज ती स्वतः जपण्याची वस्तू झाली आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या चांगल्या बाहा बगांचंही आता तेच होतं आहे. लोक त्या पुन्हा मूळ बीटल करत नाहीत. १९७० साली ज्याने छाटल्या, त्याच्या हातच्या रूपातच त्या दुरुस्त करतात. फायबरचे तडे भरतात, नळ्यांची चौकट तशीच वेल्ड करतात.

अशी एखादी गाडी जॅकवर चढते, मागचं चाक निघतं, पट्टीवरचा चिखल तारेच्या ब्रशने घासला जातो आणि दांड्याच्या तोंडाशी सुईने ओढलेली एक बारीक रेघ दिसते. उचलण्याआधी गाडी मुळात कुठे होती, ते पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मिस्त्रीने तिथे कोरून ठेवलेलं असतं. आजचा मिस्त्री तिथूनच मोजायला सुरुवात करतो.